भोंग्यापासून स्मार्टफोनपर्यंत : गिरणगाव आणि यंत्रांच्या अटी

१/ परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांत आजही असे अनेक ज्येष्ठ नागरिक भेटतात, ज्यांच्या खिशात बटणांचा साधा फोन असतो. घरातील तरुण मंडळी स्मार्टफोन घेऊन द्यायला तयार असतात. ते नको म्हणतात. या नकाराला 'जुन्या पिढीचा हट्ट' असे नाव देऊन आपण मोकळे होतो. परंतु ज्या वस्तीत ही माणसे वाढली, तिचा यंत्रांशी आलेला संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. तो नीट तपासला, तर या नकाराचा अर्थ बराच वेगळा लागतो. आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रथम भूगोल समजून घेऊ. कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढील पन्नास वर्षांत चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांनी या पट्ट्याला 'गिरणगाव' हे नाव मिळवून दिले. दक्षिणेस गिरगावच्या वाड्यांत कारकून, शिक्षक, मुद्रक, वकील राहत. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या. कष्टकरी आणि पांढरपेशा अशी ही दोन मराठी जगे एकमेकांपासून काही मैलांवर नांदत होती.

३/ 'गिरणी कामगार यंत्रविरोधी होते' असा एक समज प्रचलित आहे. तो टिकत नाही. कामगाराचे पोटच यंत्रावर होते. वाफेचे इंजिन, चात्या, माग, आगगाडी, ट्राम हे सारे त्याने आपलेसे केले. संघर्ष पेटला तो बहुधा यंत्रासोबत आलेल्या अटींवरून : यंत्र आल्यावर कामाचे तास किती होणार, वेळ कोणाच्या घड्याळाने मोजणार, वाचलेला पैसा कोणाच्या खिशात जाणार? तीन प्रसंग पाहू. पहिल्यात दिवा आहे, दुसऱ्यात घड्याळ, तिसऱ्यात माग.

४/ पहिला प्रसंग दिव्याचा. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीचा दिवस सूर्यावर चालत असे. उन्हाळ्यात तो लांबे, हिवाळ्यात आखडे. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळ येथे कामगारांची सभा झाली. त्या वेळच्या मागण्यांत रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे, या मागण्या होत्या. यांपैकी रविवारच्या सुट्टीसाठी १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. सूर्यास्ताची मर्यादा मात्र कागदावर नसली तरी निसर्गाने घालून दिलेली होती. अंधार पडला की माग थांबवावाच लागे.

५/ विजेच्या दिव्याने ती मर्यादा पुसली. १९०५च्या सुमारास मुंबईच्या कापडाला आणि सुताला चांगली मागणी होती. अनेक गिरण्यांनी दिवे बसवले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर नेला. त्या वर्षी काही गिरण्यांतील कामगारांनी याविरुद्ध काम बंद केले, दंगेही झाले. त्यांचे म्हणणे साधे होते : बारा तासांहून अधिक काम नको. दिवे काढून टाका, अशी ती मागणी नव्हती. दिवा असो वा नसो, दिवस कुठेतरी संपला पाहिजे, एवढेच त्यांना हवे होते.

६/ या असंतोषाची दखल घ्यावी लागली. १९०६ मध्ये कापडगिरण्यांतील श्रमाची चौकशी करणारी समिती नेमली गेली, तिच्या पाठोपाठ कारखाना आयोग आला आणि १९११च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा प्रथमच घातली. यात लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थही होता. मुंबईतील श्रम महाग झाले तर त्यांना हवेच होते. तरीही क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी यंत्र आले, मग त्याने माणसाचा वेळ गिळला, मग माणसे अडून बसली आणि सहा वर्षांनी कायदा आला.

७/ दुसरा प्रसंग घड्याळाचा. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास, ही आजची आपली वेळ. तोवर शहरात 'मुंबई वेळ' चालत असे. ती ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे होती. म्हणजे नवे घड्याळ जुन्यापेक्षा ३९ मिनिटे पुढे. वरवर पाहता हा केवळ काटे फिरवण्याचा प्रश्न. पण गिरणीने पाळी सुरू होण्याची जुनीच वेळ नव्या घड्याळावर लावली, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी उठावे लागणार होते. आणि तो आधीच अंधारात उठत होता.

८/ जानेवारी १९०६च्या पहिल्याच आठवड्यात परळच्या जेकब ससून गिरणीसमोर हजारो कामगार निदर्शनासाठी जमले. (हीच गिरणी पुढे इंडिया युनायटेड क्र. १ म्हणून ओळखली गेली.) नव्या वेळेला विरोध केवळ गिरणगावातच नव्हता. शहरातील सुशिक्षितांनाही सरकारने लादलेली ही वेळ मान्य नव्हती. महानगरपालिकेने नवी वेळ स्वीकारून त्याच वर्षी पुन्हा मुंबई वेळेकडे परतण्याचा निर्णय घेतला. पुढे चार दशकांहून अधिक काळ या शहरात दोन वेळा नांदल्या : रेल्वे आणि तारखात्याची एक, पालिकेच्या घड्याळांची दुसरी. कोणाला भेटायचे तर 'कोणत्या वेळेने?' हे विचारणे क्रमप्राप्त होते.

९/ येथे भोंग्याविषयी दोन शब्द. कामगाराच्या मनगटावर घड्याळ नव्हते. पहाटेचा भोंगा सगळ्या चाळीला एकदम उठवी. हे वेळेचे सार्वजनिक यंत्र होते. त्यात जुलूम होता, कारण भोंगा चुकला तर दारावर खाडा लागे. परंतु दोन गोष्टी त्यात अंगभूत होत्या. भोंगा सर्वांना सारखाच ऐकू येई. त्यासाठी कोणाला काही विकत घ्यावे लागत नसे. आणि पाळी सुटल्याचा भोंगा झाला की गिरणीची सत्ता दरवाजापाशी थांबत असे. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढे स्मार्टफोनपाशी आल्यावर त्यांची गरज लागेल.

१०/ तिसरा प्रसंग मागाचा. १९२०च्या दशकात मुंबईचा कापडधंदा अडचणीत होता. जपानी कापडाशी स्पर्धा वाढली होती. खर्च कमी करण्यासाठी काही गिरण्यांनी नवी कार्यपद्धती आणली. तीत ससून समूहाच्या गिरण्या आघाडीवर होत्या. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे आणि कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहायच्या, असे तिचे स्वरूप होते. मालक याला कार्यक्षमता म्हणत. कामगाराला त्यात दिसले ते असे : तिघांचे काम दोघे करणार, तिसरा घरी बसणार, आणि उरलेल्या दोघांच्या मजुरीतली वाढ मात्र कामाच्या वाढीएवढी नसणार.

११/ एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने चालला. याच संपात गिरणी कामगार युनियन, लोकांच्या तोंडी 'लाल बावटा', उदयाला आली. श्रीपाद अमृत डांगे, अर्जुन आळवे, ना. म. जोशी अशी भिन्न विचारांची माणसे संप समितीत एकत्र बसली. शेवटी प्रश्न फॉसेट समितीकडे गेला. १९२९च्या अहवालात समितीने नव्या कार्यपद्धतीला तत्त्वतः अनुकूलता दाखवली, पण ती कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या संरक्षणासह आणावी याची चर्चा तिला करावी लागली. सहा महिने उपाशी राहून कामगारांनी एवढे मिळवले : यंत्राचा वापर हा केवळ मालकाच्या मर्जीचा विषय राहिला नाही.

१२/ मात्र या इतिहासाची एक काळी बाजू आहे आणि ती वगळून पुढे जाता येत नाही. त्या काळी मागावरच्या धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून सवर्ण विणकर दलित कामगारांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. आणि हेच खाते अधिक मजुरीचे होते. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. तो फॉसेट समितीपुढेही आला. ज्यांना त्या यंत्रापर्यंत पोहोचूच दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी 'स्वीकार की विरोध' हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१३/ तर दिवा, घड्याळ आणि माग यांच्या या हकिकतींतून दोन प्रश्न हाती येतात. नवे यंत्र माणसाचा वेळ किती आणि कोणाच्या हुकमाने घेते? आणि ज्याच्यापाशी ते यंत्र नाही, किंवा ज्याला तिथवर पोहोचू दिलेले नाही, त्याचे काय होते? आता हे दोन प्रश्न घेऊन आपण दूरध्वनीकडे वळू.

१४/ मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ मध्ये, म्हणजे लोखंड्यांच्या परळच्या सभेच्याही आधी. परंतु कित्येक दशके ते पेढ्या, बँका, सरकारी कचेऱ्या आणि धनिकांचे बंगले यांपुरतेच राहिले. खाजगी कंपनीकडे असलेली ही सेवा १९४३ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. गिरणगावातील कामगाराचा गावाशी संबंध टपालावर चाले : पोस्टकार्ड, मनीऑर्डर आणि क्वचित तार. 'तार आली' हे दोन शब्द ऐकून घरात धस्स होई, कारण तार बहुधा वाईट बातमीच आणत असे.

१५/ स्वातंत्र्यानंतरही फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८४ मध्ये देशी दूरध्वनी केंद्रे विकसित करण्यासाठी 'सी-डॉट' ही संस्था स्थापन झाली. १ एप्रिल १९८६ पासून मुंबई-दिल्लीची सेवा महानगर टेलिफोन निगमकडे आली. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ गिरगावच्या वाडीत किंवा लालबागच्या चाळीत मजल्यावर, कधी कधी संपूर्ण इमारतीत, एकच फोन असे. तो बहुधा एखाद्या डॉक्टरांकडे, दुकानदाराकडे किंवा सरकारी नोकराकडे. बाकीचे शेजारी तोच क्रमांक आपला म्हणून देत आणि पुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरे लिहीत. जुन्या लग्नपत्रिका आणि टेलिफोन डायऱ्या चाळल्या तर ही अक्षरे हमखास सापडतील.

१६/ या व्यवस्थेचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सर्वांना ठाऊक होते. रात्री उशिरा फोन करायचा नाही. निरोप द्यायला त्या घरचा मुलगा गॅलरीतून हाक मारणार. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे नाण्याचा फोन असे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ केंद्रे आली. त्यांपैकी बरीच अपंग व्यक्तींना चालवायला दिलेली होती. रात्री दर उतरले की गावी फोन लावायला तिथे रांग लागे. थोडक्यात, स्वतःच्या मालकीचा फोन नसलेल्या माणसालाही फोन करता येत होता.

१७/ याकडे केवळ स्मरणरंजनाने पाहणे चुकीचे ठरेल. सामायिक फोन म्हणजे सामायिक कानही. दहा बाय बाराच्या खोलीत, शेजारच्या चार माणसांदेखत, सासुरवाशिणीने माहेरी काय बोलावे? नोकरीची मुलाखत, आजारपण, प्रेमप्रकरण, उसनवारी, सारे चाळभर होई. ज्याच्या घरी फोन, त्याची मेहेरबानीही सांभाळावी लागे. आणि धोट्याची गोष्ट आपण नुकतीच पाहिली. शेजारधर्म सर्वांना सारखाच लागू होत होता असे मानण्याचे कारण नाही. मोबाइलने पुढे जे एकांताचे बोलणे दिले, त्याचे मोल चाळीत वाढलेल्या स्त्रियांना आणि तरुणांना अधिक कळले.

१८/ भारतातील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलले. त्याच वर्षी मुंबईतही सेवा सुरू झाली. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडे आणि आलेल्या कॉललाही पैसे मोजावे लागत. या अटीला लोकांनी दिलेले उत्तर म्हणजे 'मिस्ड कॉल'. एक रिंग म्हणजे 'पोहोचलो', दोन म्हणजे 'खाली ये'. कंपनीला एक पैसाही न देता निरोप पोहोचवणारी ही युक्ती कोणी शिकवली नव्हती. मे २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि तेथून मोबाइल खऱ्या अर्थाने चाळींत शिरला.

१९/ ज्या जमिनीवर हे घडत होते, ती दरम्यान बदलली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. गिरण्यांच्या जागी मॉल आणि कार्यालयीन मनोरे आले. व्होडाफोन या मोबाइल कंपनीचे भारतातील मुख्य कार्यालय लोअर परळच्या पेनिन्सुला कॉर्पोरेट पार्कमध्ये होते, आणि तेही एका जुन्या गिरणीच्याच जागेवर. जवळच्या रस्त्याला संप समितीत बसलेल्या ना. म. जोशींचे नाव आहे.

२०/ सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचे दर कोसळले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आले होते. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. भाजीवाल्याच्या पाटीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा लागला. येथवर स्मार्टफोन ही सोय होती : असेल तर उत्तम, नसेल तर रोख पैसे, तिकीट खिडकी आणि बँकेचे पासबुक होतेच. २०२० मध्ये करोना आला आणि काही काळापुरती ही पर्यायाची वाट बंद झाली.

२१/ शाळा ऑनलाइन गेल्या. एका खोलीत दोन-तीन भावंडे आणि फोन एकच. तोही वडील कामावर नेणार. जुना सामायिक फोन निरोपापुरता लागे, म्हणून तो दहा घरांना पुरे. तासन्‌तास चालणारा वर्ग मात्र वाटून घेता येत नाही. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी सक्तीची होती. ज्यांच्याकडे साधन नाही त्यांनी काय करायचे, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेच केंद्र सरकारला विचारला. त्याच सुमारास सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा दिली गेली.

२२/ मग लोकलचा प्रश्न. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना प्रवासाची परवानगी मिळाली. पडताळणीनंतर मिळणारा क्यूआर कोडचा पास त्यासाठी आवश्यक होता आणि तो ॲपवरून मिळवावा, अशी योजना होती. मुंबईत लोकल बंद असणे म्हणजे रोजगार बंद असणे. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी पालिकेची विभाग कार्यालये आणि रेल्वे स्थानके येथे प्रत्यक्ष पडताळणीची सोय करण्यात आली. स्थानकाबाहेरचे एक टेबल, एक कर्मचारी आणि एक शिक्का. १९०६ मधील ३९ मिनिटांप्रमाणेच ही बाब क्षुल्लक दिसते; पण त्या टेबलामुळे कित्येकांना कामावर जाता आले.

२३/ अशीच बाब गिरणी कामगारांच्या घरांची. १ जानेवारी १९८२ रोजी कामावर असलेले कामगार किंवा त्यांचे वारस या योजनेस पात्र. २०२३ मध्ये म्हाडाने सुमारे दीड लाख अर्जदारांच्या पात्रतेसाठी कागदपत्रे मागवण्याची मोहीम काढली. ती ऑनलाइन होतीच, पण वांद्रे येथे प्रत्यक्ष कागद स्वीकारण्याचीही व्यवस्था होती. तिकीट क्रमांक, हजेरीचे कागद, भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या चाळीस वर्षे ट्रंकेत जपून ठेवलेल्या माणसाला केवळ ॲप दाखवले असते, तर त्याच्या हक्काचे घर फोनच्या पडद्याआड अडकले असते.

२४/ आता पहिला प्रश्न, वेळेचा. भोंग्याची सत्ता गिरणीच्या दरवाजापाशी संपत असे, हे आपण पाहिले. लोअर परळच्या मनोऱ्यांत काम करणाऱ्या आजच्या तरुणांचे काम मात्र खिशातून घरी येते. रात्री अकरालाही गटावर संदेश वाजतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. २०१८च्या अखेरीस सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खाजगी विधेयक मांडले. कामाच्या वेळेनंतर कार्यालयीन फोन वा संदेश नाकारण्याचा हक्क कर्मचाऱ्यास असावा, असा त्याचा आशय होता. त्याचा कायदा झाला नाही. पण ही मागणी १८८४च्या 'सूर्यास्तापर्यंतच' या मागणीच्या थेट वंशातली आहे.

२५/ यंत्राशी तोलून-मापून व्यवहार कसा करावा, याचे एक उदाहरण आपल्यासमोर रोज दादर स्थानकावर उतरते. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था आजही डब्यावर रंगाने लिहिलेल्या खुणांवर चालते. नवी गिऱ्हाइके मिळवण्यासाठी त्यांनी संकेतस्थळ, एसएमएस, पुढे मोबाइल हे सारे वापरले. डब्याची वाटणी मात्र खुणेवरच ठेवली, कारण गर्दीच्या फलाटावर दोन्ही हातांत डबे असताना खूण एका नजरेत वाचता येते. हा यंत्राला नकार म्हणता येत नाही आणि शरणागतीही म्हणता येत नाही. कोणते काम कशाने करायचे, हे येथे काम करणारे ठरवतात.

२६/ पुन्हा साध्या फोनवाल्या आजोबांकडे येऊ. त्यांच्या नकारात अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात : अधू झालेली नजर, इंग्रजी अक्षरे, फसवणुकीच्या कॉलची भीती, आणि कधी कधी खरोखरच हट्ट. परंतु ज्यांनी एका संपानंतर यंत्रांसह आख्खी गिरणी नाहीशी होताना पाहिली, ते नव्या यंत्राला 'अटी काय?' असे विचारत असतील तर त्यात अडाणीपणा नाही. 'हा फोन घेतला नाही तर माझी पेन्शन थांबेल का?' हा त्यांचा प्रश्न त्याच जातीचा आहे. त्याचे उत्तर 'नाही' असे देता आले पाहिजे. ती जबाबदारी आजोबांची नव्हे, बँकेची, सरकारची आणि आपली आहे.

२७/ म्हणून या धाग्याचा निष्कर्ष 'स्मार्टफोन नको' असा नाही. मीही तो वापरतो आणि हे सारे त्यावरच लिहिले आहे. निष्कर्ष एवढाच : तिकिटाची खिडकी, बँकेचा काउंटर, कागदी अर्ज, स्थानकाबाहेरचे ते टेबल यांना आपण मागासलेपणाची खूण समजू नये. बारा तासांची मर्यादा जशी आपोआप आली नाही, तशा या जागाही आपोआप टिकणार नाहीत. एखादी खिडकी बंद होत असल्याची बातमी वाचाल, तेव्हा त्या खिडकीसमोर कोण उभे असते, हे एकदा पाहून या.

२८/ शेवटी नेहमीची विनंती. तुमच्या घरी 'पी. पी.' क्रमांक छापलेली लग्नपत्रिका, जुनी टेलिफोन डायरी, गिरणीचा पास, मनीऑर्डरची पावती असेल तर ती फेकू नका. तिचा स्वच्छ छायाचित्राच्या रूपाने जतन करा, मागे साल आणि चाळीचे नाव लिहून ठेवा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा : चाळीतला पहिला फोन कोणाकडे होता, आणि निरोप द्यायला कोण हाक मारायचे? उत्तरे येथे लिहिलीत तर पुढचा धागा त्यांवरच करू. धागा समाप्त.